शतपत्रे नीट कशी वाचावीत? लोकहितवादींचे आयुष्य, सही, तारखा आणि आवृत्त्या

पोथीवाचक

लोकहितवादींच्या शतपत्रांतले उतारे बरेच फिरतात. चार ओळी, खाली 'लोकहितवादी' एवढेच नाव. पत्र कितवे, कुठल्या तारखेचे, कुठल्या आवृत्तीतून घेतले, काही नसते. मग त्याच चार ओळी एकजण इंग्रजधार्जिणेपणाचा पुरावा म्हणून लावतो आणि दुसरा स्वातंत्र्याचे पहिले भाकीत म्हणून. पत्राला तारीख नसली की असे होणारच. म्हणून हा धागा. पत्रे कशी वाचावीत, तपासावीत आणि उद्धृत करावीत, एवढ्यापुरती माहिती इथे जमवू.

सुरुवातीला ठोस गोष्टी. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख, जन्म पुणे, १८ फेब्रुवारी १८२३. मूळ आडनाव सिद्धये, देशमुखीच्या वतनामुळे देशमुख झाले. वडील हरिपंत हे बापू गोखल्यांचे फडणीस. म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या सेनापतीच्या पदरी असलेले घर, आणि मुलाचा जन्म पेशवाई बुडाल्यावर पाच वर्षांनी. ही पार्श्वभूमी पत्रे वाचताना पदोपदी उपयोगी पडते. बसून खाणाऱ्या वतनदारांवर आणि दक्षिणेवर जगणाऱ्यांवर ते जे लिहितात ते आतून पाहिलेले आहे, बाहेरून आलेल्या माणसाची टीका नाही.

पत्रे छापली गेली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात. संपादक भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे. काळ १८४८ ते १८५०. पत्रे १०८. लिहिणारा पंचविशीतला आणि सरकारी नोकरीत असलेला. पुढे वाईला मुन्सफ (दिवाणी न्यायाधीश), नंतर अहमदाबाद आणि नाशिकला न्यायखात्यात, १८७९ साली निवृत्ती, मग मुंबईच्या कायदेकौन्सिलात, १८८४ साली रतलामचे दिवाण. मृत्यू ९ ऑक्टोबर १८९२.

माझे म्हणणे एवढेच की शतपत्रे हा 'ग्रंथ' म्हणून लिहिला गेला नाही. ती साप्ताहिकातली पत्रे आहेत. प्रत्येक पत्राला एक रविवार आहे. तो रविवार शोधल्याशिवाय पत्राचा अर्थ लावू नये.

मोडीलिपिक

रविवारचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो जरा फोडून सांगतो, कारण त्यातून तारखा तपासायची सोपी रीत मिळते.

'प्रभाकर'चा पहिला अंक २४ ऑक्टोबर १८४१ चा. तो रविवार होता, आणि पत्र दर रविवारी निघे. तेव्हा शतपत्रांच्या ज्या तारखा आवृत्त्यांत छापलेल्या आहेत त्या रविवारीच पडायला हव्यात. जुने पंचांग शोधण्याची गरज नाही. १८४८ चे कॅलेंडर २००० च्या कॅलेंडरशी तंतोतंत जुळते (दोन्ही लीप वर्षे, दोन्हींची १ जानेवारी शनिवारी). १८४९ साठी २००१ आणि १८५० साठी २००२. सालात १५२ मिळवा, फोनमधले कॅलेंडर उघडा आणि वार बघा.

वार चुकला तर तीन शक्यता, त्याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली, छपाईची चूक. देवनागरीत १ आणि ९ हे अंक झिजलेल्या ठशात एकमेकांसारखे दिसतात. ११ मार्च १८४८ हा शनिवार, १९ मार्च हा रविवार. तारीख ११ दिसत असेल तर ती १९ आहे का हे आधी पाहावे. ४ आणि ५, तसेच ७ आणि ९ यांचाही घोटाळा होतो.

दुसरी, साल चुकलेले. तीच तारीख पुढच्या सालात टाकून बघा. साधे वर्ष असले की वार एका दिवसाने सरकतो आणि लीप वर्षाची २९ फेब्रुवारी मध्ये आली तर दोन दिवसांनी. त्यामुळे तीन सालांपैकी सहसा एकच रविवारी बसते.

तिसरी, छापलेली तारीख अंकाची नसून पत्र लिहिल्याची आहे. पत्राच्या शेवटी, सहीजवळ तारीख असेल तर ही शक्यता धरावी. अंकाची तारीख सहसा त्यानंतरच्या एखाद्या रविवारची असते. पुण्याहून मुंबईला डाक जायची ती घाटातून, हरकाऱ्यांच्या हातून. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली आणि बोरघाटाचा रेल्वेमार्ग तर १८६३ साली पुरा झाला. तेव्हा लिहिणे आणि छापणे यांत काही दिवसांचे अंतर धरूनच चालावे.

शक दिलेला असेल तर गुढीपाडव्याच्या आधीच्या तारखेला इसवी सनातून ७९ वजा करा, पाडव्यानंतरच्या तारखेला ७८. म्हणजे मार्च १८४८ हा शके १७६९ आणि मे १८४८ हा शके १७७०. दोन्हीकडे सरसकट ७८ वापरल्याने एका वर्षाची चूक बऱ्याच ठिकाणी शिरलेली असते.

कृष्णाकाठ

तारखेने अर्थ कसा बदलतो याचे उदाहरण द्यायला हवे.

साताऱ्याच्या गादीवरचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ ला वारले, आणि नंतर ते राज्य खालसा झाले. म्हणजे पहिली पत्रे छापली जात असतानाच छत्रपतींच्या घराण्याचे ते राज्य संपत होते. त्याच वर्षी दुसरे शीख युद्ध सुरू झाले आणि २९ मार्च १८४९ ला पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला. पत्रांत राज्ये का बुडतात, राजे कसे नालायक झाले, इंग्रज इथे का टिकले याचा विचार येतो तो या बातम्या ताज्या असताना. १८५७ अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे पुनर्विवाहावरची त्यांची पत्रे कायद्याआधीची आहेत. कायद्याचा पाठिंबा घेऊन ते बोलत नव्हते.

आणि ते प्रसिद्ध भाकीत. इंग्रजांचे राज्य ही ईश्वरी योजना आहे, लोक शहाणे होण्यासाठी ते आले आहे असे ते म्हणतात. पण तिथेच थांबत नाहीत. लोक शहाणे झाले की आपला अधिकार मागतील, आणि जुलूम वाढला तर अमेरिकेत झाले तसे इथेही होईल, असेही लिहितात. पार्लमेंटची मागणीही आहे. दोन्ही बाजूंचे लोक यातले अर्धेअर्धे वाक्य उचलतात. १८४८ साली तिशीही न गाठलेल्या, सरकारचा पगार घेणाऱ्या माणसाने छापील पत्रात अमेरिकेचे उदाहरण द्यावे, यातच त्याचे वजन आहे. पत्र पूर्ण वाचले तर दोन्ही विधाने एकाच युक्तिवादाच्या पायऱ्या आहेत हे स्वच्छ दिसते.

अनुस्वार

आवृत्त्यांबद्दल लिहितो, कारण बहुतेक चुका तिथूनच होतात.

पत्रांचे पुस्तक लोकहितवादींच्या हयातीतच 'निबंधसंग्रह' म्हणून निघाले. विसाव्या शतकात श्री. रा. टिकेकर, अ. का. प्रियोळकर आणि पु. ग. सहस्रबुद्धे यांच्या संपादित आवृत्त्या आल्या, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने समग्र वाङ्मय काढले. हातात कुठलीही आवृत्ती असो, पत्र वाचण्याआधी प्रस्तावनेत चार गोष्टी शोधाव्यात:

१. पाठ कशावरून घेतला, 'प्रभाकर'च्या अंकांवरून की आधीच्या पुस्तकावरून?
२. पत्रांचा क्रम तारखेचा की विषयांचा?
३. शीर्षके मूळची की संपादकाची?
४. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे बदलली आहेत का?

दुसऱ्या मुद्द्यावर लोक सर्वात जास्त अडखळतात. विषयवार लावलेल्या आवृत्तीत धर्म, समाज, राज्य, अर्थ असे गट पडतात. एका गटात १८४८ च्या पत्राला लागून १८५० चे पत्र येते. वाचणाऱ्याला वाटते की लेखकाने सलग एक प्रकरण लिहिले. प्रत्यक्षात मधे दीड-दोन वर्षे गेलेली असतात आणि तेवढ्यात काही मते पक्की झाली, काहींचा सूर बदलला. एखादा मुद्दा पुन्हा आला की 'पुनरुक्ती' म्हणून नाक मुरडू नये. साप्ताहिकाच्या वाचकाने मागचा अंक जपून ठेवलेला नसतो, त्याला पुन्हा सांगावेच लागते.

चौथ्या मुद्द्याचे महत्त्व सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची आहे. म्हणजे ही पत्रे लिहिली जात होती तेव्हा मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह रुळलेलीच नव्हती. आजच्या पुस्तकात जो उद्गार किंवा प्रश्न दिसतो तो बहुतेक वेळा संपादकाने लावलेला आहे. तेव्हा 'इथे लोकहितवादी चिडून उद्गारतात' असे केवळ उद्गारचिन्ह पाहून लिहू नये. चीड असेल तर ती शब्दांत सापडली पाहिजे, आणि त्यांच्या शब्दांत ती भरपूर सापडते.

आता अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या आवृत्तीत 'नाहीं', 'कां', 'तेथें', 'मीं' असे पाठ मिळतात, नंतरच्या आवृत्तीत ते 'नाही', 'का', 'तेथे', 'मी' झालेले असू शकतात. डिजिटल प्रतीत शोधताना दोन्ही रूपे टाकावीत. तसेच 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकले जाते, त्यामुळे 'सुधारणाऱ्या' असले शब्द शोधात निसटतात. शब्दाचा पहिला भागच टाकून शोधलेले बरे: 'सुधारणा'.

पोथीवाचक

अनुस्वार, विरामचिन्हांचा मुद्दा फार मोलाचा. त्यात भर घालतो.

त्या काळी रोजचे हाताचे लेखन मोडीत होई आणि छपाई बाळबोधीत (म्हणजे देवनागरीत). मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. मोडी मजकुरावरून छापताना ऱ्हस्व-दीर्घ ठरवणार तो छापखाना. म्हणून शुद्धलेखनावरून 'हे पत्र त्यांचे नसावे' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. लेखक ओळखायचा तर शब्दसाठा, वाक्याची ठेवण आणि युक्तिवादाची रीत पाहावी. लोकहितवादींची रीत ठरलेली आहे. आधी एखादी रूढी किंवा लोकांचा समज मांडायचा, मग 'याचे कारण काय' असे विचारायचे, मग दोन-तीन कारणे सोप्या शब्दांत, आणि शेवटी आळस किंवा अज्ञान यावर बोट.

शब्दार्थासाठी आजचा शब्दकोश वापरू नये. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश घ्यावा, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. पत्रे बरोबर या दोहोंच्या मधली. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. 'विद्या', 'धर्म', 'सुधारणा', 'देश', 'लोक' हे पाच शब्द तरी तिथे बघूनच पुढे जावे.

दौतटाक

टोपणनावाबद्दल कुणी बोलले नाही अजून.

'लोकहितवादी' हे नाव लपण्यासाठी घेतले असे सरसकट सांगितले जाते. सरकारी नोकरी होती, स्वजातीवर टीका होती, तेव्हा आडोसा हवा होता हे खरेच. पण नुसत्या आडोशासाठी कुठलेही नाव चालले असते. जूनियसची पत्रे पाहा. लंडनच्या वृत्तपत्रात १७६९ ते १७७२ या काळात आली, मंत्र्यांची सालटी काढली, आणि लेखक कोण हे त्याने कधीच उघड केले नाही. ते नाव हा मुखवटा होता. 'लोकहितवादी' हे नाव मुळातच एक भूमिका आहे: लोकांच्या हिताचे बोलणारा. ते हुद्द्यासारखे आहे. म्हणूनच ओळख उघड झाल्यावरही त्यांनी ते टाकले नाही. उलट १८८० च्या दशकात त्याच नावाचे नियतकालिक काढले.

मराठीतली पुढची टोपणनावे बहुतेक वेगळ्या जातीची आहेत. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज यांत नाते आहे: केशवाचा मुलगा, गोविंदाचा थोरला भाऊ, कुसुमचा थोरला भाऊ. 'विभावरी शिरूरकर' हे मात्र पुरते संरक्षण होते. १९३३ च्या 'कळ्यांचे निःश्वास'वर उठलेले वादळ पाहिले तर ते का लागले हे कळते. लोकहितवादींचे नाव या दोन्ही गटांत बसत नाही.

याचा व्यावहारिक परिणाम असा की 'लोकहितवादी' असा शोध घेतला तर तीन गोष्टी एकत्र येतात: माणूस, पत्रांखालची सही आणि नियतकालिक. टिपण करताना तिघांना वेगळी खूण द्या, नाहीतर १८८३ चा मजकूर १८४८ च्या पत्रात मिसळतो. इंग्रजी दप्तरात तर आडनाव बऱ्याचदा नसतेच, स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढेच असते. तिथे 'गोपाळराव हरी' शोधावे, आणि 'हरी'ची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगे करून बघावीत. १८७७ नंतर मागे 'रावबहादुर' लागतो.

कृष्णाकाठ

दौतटाक, सहमत, पण एक दुरुस्ती. नाव ही भूमिका असली तरी आडोसा त्याने कमी होत नाही, आणि पत्रांत तो जाणवतो. व्यक्तींची नावे घेऊन टीका फारच थोडी. टीका वर्गावर, रीतीवर, संस्थेवर. नाव न देणारा लेखक दुसऱ्याचेही नाव घेत नाही, हे मला सभ्यतेचे लक्षण वाटते. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्यावर जे कठोर लिहिले ते नाव घेऊन, मालेवर स्वतःचे नाव असताना. निबंधमाला १८७४ ची, म्हणजे पत्रांना पाव शतक होऊन गेले होते. पंचविशीतल्या तरुणाच्या साप्ताहिकातल्या पत्रांना पन्नाशी ओलांडलेल्या रावबहादुरांचे मत समजून झोडपले गेले. तिथेही गोंधळ तारखेचाच.

शिळाछाप

ही खरोखर 'पत्रे' आहेत का? चरित्रासाठी पत्रे वापरतात तशी ती वापरता येतात का?

मोडीलिपिक

जपून वापरावीत. खाजगी पत्र एका माणसाला लिहिलेले असते, त्यात लेखकाला काय माहीत आहे आणि काय लपवायचे आहे हे समोरच्यावरून ठरते. कवी अनिल आणि कुसुमावती यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल'मध्ये आहे. तिथे 'अनिल' हे टोपणनाव बाजूला ठेवून आत्माराम रावजी देशपांडे हा तरुण दिसतो. कवितेची तारीख, मनःस्थिती, वाचन यांचा पुरावा म्हणून ती पत्रे वापरता येतात.

शतपत्रांत असे काही नाही. ती संपादकाच्या मार्फत हजारभर अनोळखी डोळ्यांसाठी आहेत. 'मी अमुक पाहिले' असे वाक्य आले तरी ते युक्तिवादातले उदाहरण असू शकते. त्यावरून 'लोकहितवादी त्या गावी गेले होते' असे चरित्रात लिहू नये. नोकरी, बदली, हुद्दा यासाठी सरकारी नोंदी, मतांसाठी पत्रे, अशी वाटणी ठेवली की घोळ होत नाही. उलट दिशेने मात्र चालते: त्या वर्षी ते कुठे, कुठल्या कचेरीत होते हे नोंदीवरून ठरवले की पत्रातला एखादा विषय तेव्हाच का आला हे उलगडते.

अनुस्वार

छापण्याच्या हक्काचेही इथेच नोंदवून ठेवतो, कारण उतारे टाकताना आणि टोपणनावाच्या इतर लेखकांची पत्रे छापताना तो प्रश्न येतोच.

लोकहितवादी १८९२ साली वारले, त्यांचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. पण संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि त्याने दिलेली शीर्षके यांचा हक्क वेगळा असतो. मूळ पत्र उतरवा, टिपा उचलू नका.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. टोपणनावाने छापलेल्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षे. पण तेवढ्यात खरे नाव उघड झाले तर पुन्हा मृत्यूनंतरची ६० वर्षे लागू. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला त्या प्रकाशनापासून ६० वर्षे. आणि खाजगी पत्रांच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक: पत्राचा कागद ज्याला पाठवले त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. पत्र हातात आहे म्हणजे छापायची परवानगी आहे असे होत नाही.

पोथीवाचक

उद्धृत करण्याची एक रीत ठरवू. उताऱ्याखाली या क्रमाने लिहावे: शतपत्र क्रमांक, 'प्रभाकर'ची तारीख, आवृत्तीचा संपादक आणि साल, पान. क्रमांक आणि तारीख दोन्ही हवेत, एक चुकले तर दुसऱ्यावरून पत्र सापडते. फक्त पान क्रमांक दिला तर आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी.

ज्यांना पूर्ण वाचन करायचे आहे त्यांनी १०८ ओळींचा एक तक्ता करावा. रकाने सात: क्रमांक, तारीख, वार, सही, शीर्षक, मुख्य विषय, आवृत्ती-पान. आधी फक्त पहिले तीन भरा आणि तक्ता तारखेने लावून घ्या. रविवारी न पडणाऱ्या तारखांवर खूण करा. मग त्या क्रमाने आठवड्याला दोन पत्रे वाचली तर साधारण वर्षभरात होतात. विषयाचा रकाना वाचून झाल्यावर भरावा, शीर्षकावरून नाही.

शिळाछाप

पहिल्यांदाच वाचणाऱ्याला इतके केले तर तो पळेल. त्याच्यासाठी विषयवार आवृत्तीच बरी.

पोथीवाचक

बरोबर आहे. पहिल्या वाचनाला विषयवार आवृत्ती घ्यावी, दारिद्र्य आणि व्यापार यांवरच्या पत्रांपासून सुरुवात करावी. देशी माल थोडा जाडाभरडा असला तरी तोच वापरावा हे ते तिथे सांगतात. त्यांनी अर्थशास्त्रावर 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तकही १८४९ सालीच काढले, म्हणजे पत्रे लिहीत असतानाच. ती पत्रे आणि ते पुस्तक शेजारी ठेवले की पुस्तकातला सिद्धांत पत्रात बोलीत कसा उतरला ते दिसते. तक्ता दुसऱ्या वाचनाला.

दौतटाक

तक्त्यात एक रकाना वाढवा: 'कोणाला उद्देशून'. ब्राह्मणांना, सरदार-वतनदारांना, सरकारला की सगळ्या लोकांना. एकाच पत्रात तो मधेच बदलतो. 'तुम्ही' म्हणता म्हणता 'आपण' येते, आणि जिथे 'आपण' येते तिथे लेखक स्वतःला त्या दोषात धरतो. फिरणाऱ्या उताऱ्यांत नेमका तोच 'आपण' कापलेला असतो.

मोडीलिपिक

रकाना वाढवतो. मार्च ते जून १८४८ एवढ्या तारखांचे वार तपासून इथेच खाली टाकतो, पुढचे महिने एकेकाने वाटून घ्या.